ब्रेकिंगच्या पहिल्या अर्ध्या तासात काय तपासायचं, कुणाला विचारायचं?

गिरणाकाठ :

चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या पट्ट्यातल्या एका छोट्या बातमी पोर्टलसाठी आणि त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांसाठी तपासणीची पद्धत लिहून काढायची आहे. डेस्कवर दोन माणसं, बाहेर चार वार्ताहर, त्यातले तीन अर्धवेळ. अपघात, पूर, बिबट्या, कुणाच्या निधनाची खबर, गावातला तणाव हे नेहमीचे प्रकार.

'दोन सूत्रांकडून खात्री करा' हे सगळेच सांगतात, पण दुसरं सूत्र कशाला म्हणायचं इथंच घोडं अडतं. तहसीलदारांनी सांगितलं आणि पोलीस पाटलांनीही तेच सांगितलं, तर झाली का दोन सूत्रं? गटात आलेला व्हिडिओ घाईत कसा तपासायचा? मृतांचे आकडे तीन ठिकाणी तीन असतील तर घ्यायचा कोणता? आणि चूक गेलीच, तर दुरुस्ती कुठं आणि कशी लावायची? प्रत्यक्ष कृती सांगा, तशीच पद्धतीत उतरवून घेतो.

जुना_उपसंपादक :

भाऊ, सूत्रं मोजायच्या आधी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: 'तुम्हाला हे कसं कळलं?' पोलीस पाटलांनी तहसीलदारांना फोन केला आणि मग दोघांनीही तुम्हाला तेच सांगितलं, तर सूत्र एकच, पोलीस पाटील. आता पोलीस पाटलांनाही तोच प्रश्न. ते जागेवर असतील तर भक्कम. त्यांनाही गावातल्या कुणी सांगितलं असेल, तर तुमच्या हातात अजून काहीच नाही. पाच वाहिन्यांवर तीच पट्टी चालू असेल, तरी त्या पाचांचा झरा एकच असू शकतो. ११ नोव्हेंबर २०२५ ला अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी अनेक ठिकाणी चालली, श्रद्धांजल्याही वाहिल्या गेल्या, आणि मग घरच्यांनी ती खोटी असल्याचं जाहीर केलं. निधन झालं ते २४ नोव्हेंबरला. निधनाच्या बातमीला जवळचे कुटुंबीय किंवा उपचार करणारं रुग्णालय एवढीच सूत्रं धरा. नेत्याची श्रद्धांजलीची पोस्ट धरू नका, कारण त्यांच्या कार्यालयानंही टीव्हीच पाहिलेला असतो.

तुमच्याच भागातली घटना घ्या. २२ जानेवारी २०२५, संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास, माहेजी आणि परधाडे स्थानकांच्या मध्ये. आग लागल्याच्या अफवेनं पुष्पक एक्सप्रेसची साखळी ओढली गेली, प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. पहिल्या काही मिनिटांत 'गाडीला आग' असं लिहिणाऱ्याकडे डझनभर प्रवासी सूत्र म्हणून असते, सगळे प्रामाणिक. पण 'तुम्ही ज्वाळा पाहिल्या का, कोणत्या डब्यात?' असं विचारलं असतं तर 'लोक ओरडत होते' एवढंच हाती आलं असतं. तेव्हा लिहिता येण्याजोगं वाक्य होतं: 'आग लागल्याच्या भीतीनं प्रवासी उतरले, असं प्रवासी सांगतात, आग लागली होती का, याला रेल्वेकडून दुजोरा मिळालेला नाही.' आग नव्हती, असं रेल्वेनं नंतर सांगितलं. अफवा पँट्रीतल्या चहावाल्याच्या ओरडण्यानं सुरू झाली, हे दुसऱ्या दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं. तेही त्यांच्या नावानंच लिहायचं. चौकशीचा निष्कर्ष म्हणून ते देता येत नाही.

कुणाला फोन लावायचा, याचा तक्ता आधीच तयार हवा. आपल्याकडे सर्वात जास्त वेळ हद्दीत जातो. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतात; पण धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. अमळनेरजवळ काही झालं आणि तुम्ही भुसावळला विचारत बसलात, तर वीस मिनिटं तिथंच गेली. गुन्हा नोंदवतात लोहमार्ग पोलीस, रेल्वे सुरक्षा दल वेगळं. गिरणा धरणाचं पाणी तुमच्या तालुक्यांत येतं, धरण मात्र नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे.

गावाचं नाव कधीही तालुक्याशिवाय लिहून घेऊ नका. 'कुसुंब्याजवळ अपघात' म्हटल्यावर एक कुसुंबा धुळे तालुक्यात, एक जळगावच्या विमानतळाला लागून आणि रावेर तालुक्यात खुर्द-बुद्रुक अशी आणखी दोन. महामार्गाचंही तसंच. लोक अजून 'सहा नंबर' म्हणतात, फलकावर ५३ असतो.

आणि फोनवरची भाषा. 'दोन जण गेले' म्हणजे मेले, वाहून गेले, की दवाखान्यात गेले? ऐकणारा त्याला जे वाटतं ते लिहितो. लगेच उलट विचारा: 'गेले म्हणजे वारले का? कुणी सांगितलं, डॉक्टरांनी?' सांगणारा अहिराणीत किंवा भिलीत बोलत असेल, तर डेस्कवर ती बोली येणाऱ्यानंच बोलावं. मधल्या माणसाच्या तोंडून आलेलं ते दुसऱ्या हाताचं झालं.

चौकट_चौकट :

व्हिडिओचं मी सांगतो. पहिली दोन मिनिटं पाठवणाऱ्यासाठी. 'तुम्ही स्वतः काढला का?' 'नाही' आलं तर 'कुणाकडून आला?' असं मागं मागं जायचं. दोन बाणांची, अनेकदा फॉरवर्ड केल्याची खूण दिसली तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे. खूण नाही म्हणून ताजा, असं मात्र समजू नका. फोनमध्ये उतरवून पुन्हा पाठवला की खूण जाते.

स्वतः काढणाऱ्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की फाइल दाबली जाते आणि आतली माहिती निघून जाते. फाइलच्या नावानं फसणारे फार आहेत. 'व्हीआयडी', तारीख आणि मग 'डब्ल्यूए' असं नाव असेल, तर ती तारीख त्या फोनवर व्हिडिओ आल्याची आहे, चित्रणाची नव्हे. मूळ फाइलमधली निर्मितीची वेळ बहुधा जागतिक वेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवा. दुपारी ४.४५ चा व्हिडिओ तिथं ११.१५ दाखवतो, आणि मग चांगला व्हिडिओ 'सकाळचा आहे, खोटा आहे' म्हणून बाद होतो.

मग उलट शोध, म्हणजे चित्र टाकून ते आधी कुठं आलंय ते शोधणं. व्हिडिओची पहिली चौकट (फ्रेम) टाकून भागत नाही. गर्दी नसलेली, पाटी किंवा इमारत दिसणारी तीन-चार चित्रं काढून गूगल लेन्स आणि टिनआय दोन्हीकडे टाका. इनव्हिडचं जोडसाधन ब्राउझरमध्ये घातलं तर चौकटी तेच काढून देतं. चित्र उलटं करूनही एकदा शोधा, कारण जुने व्हिडिओ आरशासारखे फिरवून पाठवतात. पाटीवरची अक्षरं किंवा शर्टाच्या बटणांची बाजू पाहिली की ते कळतं. शोधात काहीच सापडलं नाही, तर 'आधी सापडलेला नाही' एवढंच सिद्ध होतं.

जागेसाठी आपल्याकडच्या खुणा वापरा. वाहनांवर एमएच १८ धुळे, १९ जळगाव, ३९ नंदुरबार. ट्रक कुठूनही येतो, तेव्हा रिक्षा आणि दुचाकींचे क्रमांक पाहा. रेल्वेच्या विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. मध्य रेल्वेच्या या मार्गावर तो मुंबईपासून मोजतात, पाचोरा ते जळगाव हा टप्पा साधारण ३७० ते ४२० मध्ये बसतो. खांबावर २०० च्या आसपासचा आकडा दिसला तर ते दृश्य इथलं नाही. आवाज बंद करून पाहू नका. 'आठे', 'तठे', 'से' ऐकू आलं तर अहिराणी पट्टा. रावेर-यावलकडची लेवा बोली आणि सातपुड्यातली पावरी कानाला लगेच वेगळी लागते. त्या भागातल्या माणसाला ऐकवा.

वेळेसाठी सावली. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा, तारीख, वेळ टाकली की सावलीची दिशा आणि लांबी येते. वरच्याच घटनेचं गणित करा: २२ जानेवारीला पाचोऱ्याकडे दुपारी पावणेपाचला सूर्य जेमतेम १८ अंशांवर असतो, म्हणजे उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या तिपटीएवढी आणि पूर्व-ईशान्येकडे. व्हिडिओत सावल्या पायाशी असतील, तर तो त्या वेळचा नाही.

बिबट्याच्या फोटोंसाठी हल्ली वेगळी काळजी लागते, कारण केळीच्या बागेत किंवा घराच्या ओट्यावर बसलेला बिबट्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं कुणीही बनवतं. ठिपके एकमेकांत विरघळलेले, पंजाखाली सावली नाही, मागच्या पाटीवरची देवनागरी वाचता येत नाही, या खुणा आहेत, पण दर महिन्याला त्या कमी होत चालल्यात. म्हणून फोटोवर विसंबू नका, ठसे मागा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून वरून सरळ फोटो. बिबट्याचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद असतो, नखं आत ओढलेली असल्यानं उमटत नाहीत. नखांच्या खुणा स्पष्ट दिसल्या तर बहुधा कुत्रं किंवा तरस. तरीही 'बिबट्याच' हे वन विभागाच्या वनपालानं पाहून सांगितल्यावरच लिहा.

गिरणाकाठ :

खांबाचा क्रमांक आणि साडेपाच तासांचा फरक, दोन्ही लगेच पद्धतीत घेतो. आकड्यांचं अजून राहिलं. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय एक सांगतं, जळगावचं वैद्यकीय महाविद्यालय दुसरं, पोलीस तिसरं.

नोंदवही :

तिघंही खरं सांगत असतात, मोजतात मात्र वेगवेगळं. घटनास्थळावरचे पोलीस तिथं दिसलेले मृतदेह मोजतात. ग्रामीण रुग्णालय त्यांच्या दारात आलेले मोजतं. जिल्ह्याचं रुग्णालय तिथं पोचलेले मोजतं, त्यात वाटेत आणि उपचारादरम्यान मरण पावलेले धरून. या तिघांची बेरीज करणं ही नेहमीची चूक. गंभीर जखमी ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवहीत चढतो, पुढं पाठवला की जळगावला पुन्हा चढतो, नातेवाइकांनी खासगी रुग्णालयात हलवला की तिसऱ्यांदा. एकच माणूस तीनदा 'जखमी'. रेल्वे अपघातात मृतदेहाचे तुकडे झाले असले, तर ओळख पटेपर्यंत मृतांचा आकडाच पक्का होत नाही. पुष्पकच्या घटनेत दुसऱ्या दिवशी १२ आणि १३ असे दोन्ही आकडे प्रसिद्ध झाले होते.

म्हणून विचारताना चार गोष्टी एकत्र विचारा: आकडा किती, कोणत्या ठिकाणचा, किती वाजेपर्यंतचा, आणि 'इतर ठिकाणचे यात धरलेत का?' बेरीज स्वतः करू नका. एकत्रित आकडा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून, निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा जिल्हा माहिती कार्यालयाकडून घ्या. कक्षाचा क्रमांक १०७७. तो येईपर्यंत सर्वात कमी, पण पक्का आकडा 'किमान' लावून द्या: 'किमान ६ मृत्यू, असं जिल्हा शल्यचिकित्सकांनी सायंकाळी ६.३० वाजता सांगितलं.' पुढं आकडा वाढला तर तुमचं हे वाक्य खोटं ठरत नाही. आधी १५ छापून मग ९ वर यायचं म्हटलं, की ज्यांचं माणूस सापडत नाहीये त्या घरांवर काय ओढवतं, याचा विचार डेस्कनं करायलाच हवा.

वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातला कर्मचारी यांचं सांगणं सुगावा म्हणून फार मोलाचं. पण आकड्याला त्यांचं नाव लावता येत नाही, आणि 'सूत्रांनुसार' लिहून तोच आकडा आत घेणं म्हणजे वाचकापासून त्याचा कच्चेपणा लपवणं.

मृताचं नाव घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याखेरीज देऊ नका. पोलिसांना सरळ विचारा, 'नातेवाइकांना कळवलंय का?' खिशात सापडलेल्या आधार कार्डावरून नाव दिलं आणि कार्ड दुसऱ्याचं निघालं, असं होऊ शकतं.

धुळे_रोड :

उपसंपादक साहेबांशी एका मुद्द्यावर असहमत आहे. प्रत्येक गोष्टीला दोन स्वतंत्र सूत्रं मागितली, तर रस्ता बंद असल्याची बातमी रस्ता सुरू झाल्यावर जाईल. ज्याच्या अखत्यारीत गोष्ट आहे त्यानं स्वतः सांगितलं, तर एक सूत्र पुरे: पूल बंद असल्याचं पोलिसांनी, विसर्ग सोडल्याचं पाटबंधारे विभागानं, शाळेला सुट्टी जिल्हाधिकाऱ्यांनी. मात्र कागद हवा, किंवा आवाज ओळखीचा हवा. सुट्टीच्या आदेशाचं पत्र फिरत आलं तर जावक क्रमांक, तारीख आणि सहीखालचं पदनाम पाहा. गेल्या वर्षीचं पत्र फक्त तारीख खोडून फिरवलेलं असतं. दिलेला वार त्या तारखेला जुळतो का, हे कॅलेंडरवर पाहिलं की निम्मी पत्रं तिथंच पडतात.

जिथं त्या यंत्रणेचं स्वतःचं वर्तन प्रश्नात आहे, तिथं हा नियम चालत नाही. लाठीमार, कोठडीतला मृत्यू, धरणातून सूचना न देता सोडलेलं पाणी, अशा बातमीत पोलिसांचं किंवा विभागाचं म्हणणं ही एक बाजू झाली. तिथं दुसरं स्वतंत्र सूत्र हवंच.

जुना_उपसंपादक :

हे मान्य. माझ्या सांगण्यात ही फोड राहिली होती.

तापीखोरं :

पुराच्या बातम्यांत खोटेपणापेक्षा एककांनी जास्त घोळ होतो. तापीवरच्या हतनूर धरणाचा विसर्ग कधी क्युसेकमध्ये येतो, म्हणजे घनफूट प्रतिसेकंद, कधी क्युमेकमध्ये, म्हणजे घनमीटर प्रतिसेकंद. १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. '१,००० क्युमेक' हे ३५,३०० क्युसेक होतात. एकक बदललं की लोक एक तर बेसावध राहतात, नाही तर विनाकारण घर सोडतात. साठ्यातही तसंच: १ टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, आणि टक्केवारी जिवंत (वापरता येणाऱ्या) साठ्याची की एकूण साठ्याची हे विचारल्याशिवाय लिहू नका.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. 'सर्व दरवाजे उघडले' यातून काहीच कळत नाही. अर्धा मीटर उघडले की पूर्ण, हे लागतं. वाक्य असं हवं: 'सकाळी ८ वाजता इतके दरवाजे, इतक्या मीटरनं, विसर्ग इतके क्युसेक, पुढं वाढण्याची शक्यता असल्याचं विभागानं कळवलं.' वेळ टाकली नाही तर सकाळचा संदेश रात्री खाली नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेडा, प्रकाशा या गावांत फिरत राहतो. दरवर्षी जुन्या पुराचे व्हिडिओ नवे म्हणून येतात. तपासणी सोपी: त्याच वेळी धरणावरच्या किंवा पुलावरच्या ओळखीच्या माणसाला व्हिडिओ कॉल करा आणि पाण्याची रेषा कोणत्या खांबापर्यंत आहे ते पाहा.

साक्री_पिंपळनेर :

गावातला तणाव आणि मुलं पळवण्याच्या अफवा यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं, रविवारच्या बाजारात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या संदेशांतला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीचा होता; मूल परत आणून देण्याचा शेवटचा भाग कापलेला. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली. आमच्या धुळे जिल्ह्यात हे घडलंय, त्यामुळं 'टोळी फिरत असल्याची चर्चा' हे वाक्य कुठल्याही पट्टीवर जाता कामा नये. 'चर्चा' ही बातमी नाही. विचारायचं एवढंच: कोणत्या ठाण्यात, किती तारखेला, मूल हरवल्याची नोंद झाली? नोंद नसेल तर बातमी उभीच राहत नाही.

अफवेचं खंडन करताना शीर्षकात अफवा आणू नका. 'साक्री तालुक्यात मूल हरवल्याची एकही तक्रार नाही : पोलीस' असं लिहा, अर्थात तसं ठाण्यानं त्या दिवशी सांगितलं असेल तरच. 'मुलं पळवणारी टोळी आली का? जाणून घ्या' असं लिहिलं, तर निम्मे लोक शीर्षकच पुढं पाठवतात. मूळ व्हिडिओ पुन्हा दाखवू नका. दाखवणं भागच असेल तर स्थिर चित्र, आणि कापता येणार नाही अशी आडवी फुली पूर्ण चित्रावर.

कायद्याचं थोडक्यात. बलात्कार पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नं, बालकाची पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरोधी कायद्याच्या) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं संरक्षित आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. ८०० वस्तीच्या गावात वय, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय दिला की नाव देण्याची गरजच उरत नाही. मोठ्या शहराच्या बातमीत चालणारा तपशील पाड्यावरच्या बातमीत चालत नाही. अफवा प्रसिद्ध करण्याबाबत न्याय संहितेचं कलम ३५३ आहे. त्यातला अपवाद असा की माहिती खरी मानायला वाजवी कारणं असावीत आणि हेतू प्रामाणिक असावा. ती वाजवी कारणं नंतर दाखवायची तर तपासणीची नोंद ठेवायला हवी: कुणाशी, किती वाजता बोललो, त्यांना कसं कळलं, काय म्हणाले. साधी वही पुरते, फक्त त्याच वेळी भरलेली हवी.

गिरणाकाठ :

ताई, नोंदवहीचा रकाना आजच आखतो. शेवटचं विचारतो: व्हॉट्सअ‍ॅप गटावर चुकीचा आकडा गेला तर?

जुना_उपसंपादक :

संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांत बदलता येतो, आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. पण पुढं गेलेल्या प्रती तुमच्या हातात नसतात. त्यामुळं गुपचूप पुसू नका. जुन्या संदेशालाच उत्तर म्हणून दुरुस्ती लिहा, म्हणजे चूक आणि बरोबर एकाखाली एक दिसतं: 'दुरुस्ती, सायं. ७.१०: मृत १५ असं आधी दिलं होतं, ते चूक. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या माहितीनुसार किमान ९.' ज्या ज्या गटांत चूक गेली त्या प्रत्येक गटात, त्याच ठळकपणे. पोर्टलवर दुव्याचा पत्ता बदलू नका. त्याच पानावर वर दुरुस्ती आणि वेळ टाका, नाहीतर जुनं पान शोधात तसंच राहतं. यूट्यूबचं लघुचित्र (थंबनेल) आणि शीर्षक वेगळं बदलावं लागतं, ते हमखास विसरतं.

आणि मृतांचा आकडा चित्रपट्टीवर (ग्राफिकवर) छापायचा असेल, तर वेळ आणि सांगणाऱ्याचं पद आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, आकड्याला चिकटून. खाली कोपऱ्यात टाकलं तर पुढं पाठवणारा तेवढं कापून टाकतो.